वर्गणी पूर्ण, सहल पायथ्यापर्यंत



मागच्या हिवाळ्यात आमच्या निघोजे गावातून जुन्नरच्या लेण्याद्रीला सहल गेली. मिनीबस ठरवायची, वर्गणी गोळा करायची आणि हिशेबाची वही सांभाळायची ही कामे माझ्याकडे. कारकुनाला दुसरे काय देणार! सहलीत आमच्या शेजारचे एक भाऊ होते. चाकण पट्ट्यातल्या एका कारखान्यात जड डाय पायावर पडून त्यांचा उजवा पाय गुडघ्याखाली गेला. तेव्हापासून ते कुबड्यांवर चालतात.

पायथ्याशी गाडी थांबली. वर जायला तीनशेच्या आसपास पायऱ्या. आम्हीच म्हणालो, "भाऊ, तुम्ही कशाला त्रास घेता? बसा इथे सावलीत, डब्यांकडे लक्ष राहील." ते हसले आणि बसले. वर चैत्यगृहातल्या स्तूपापुढे आम्ही वंदना घेतली, फोटो काढले, लेकरांना लेणी दाखवली. अडीच तासांनी खाली आलो तेव्हा भाऊ डब्यांपाशी तसेच बसलेले होते. घरी हिशेब मांडताना त्यांच्या नावापुढे पूर्ण वर्गणी जमा दिसली आणि माझा पेन थांबला.

लेण्याद्रीला डोली मिळते, हे आम्हाला माहीत होते. पुढे मी विषय काढला तेव्हा भाऊ म्हणाले, "चार माणसांच्या खांद्यावर बसायचा मला संकोच वाटतो. कदाचित नसतो बसलो. पण ते मी ठरवले असते ना? तुम्ही विचारलेच नाही."

दगडात कोरलेले लेणे फोडून लिफ्ट बसवा, असे कोणी म्हणत नाही. पण वाटा अनेक असतात. अजिंठ्याच्या पायथ्याशी जपानच्या कर्जसाहाय्यातून पर्यटक केंद्र उभे राहिले. त्यात १, २, १६ आणि १७ या लेण्यांच्या प्रतिकृती केल्या होत्या. ज्यांना डोंगर चढवत नाही त्यांच्यासाठी याहून सोयीचे काय असणार? पण पुढे वीज-पाण्याची बिले थकली आणि ते केंद्र बंद पडले. कोट्यवधींचे काम बिलांपायी बंद पडते, हे जमाखर्च शिकलेल्या माणसाला तरी पचत नाही. तिकडे अथेन्सला अ‍ॅक्रोपोलिसची टेकडी सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीच्या मंदिरांची. तिथे डिसेंबर २०२० मध्ये व्हीलचेअरसाठी नवी लिफ्ट सुरू झाली.

कायदा आपल्याकडेही आहे. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा सांगतो की, जुन्या सार्वजनिक इमारतीसुद्धा नियम निघाल्यापासून ५ वर्षांत दिव्यांगांना वापरण्याजोग्या करायच्या. नियम निघाले जून २०१७ मध्ये, म्हणजे मुदत २०२२ मध्येच संपली. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रातुरी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक गोष्ट स्पष्ट केली. सोयींचे निकष नुसते मार्गदर्शक ठेवून चालणार नाही, बंधनकारक नियम करा, असे सांगून सरकारला ३ महिन्यांची मुदत दिली. 'दिव्यांग' हा शब्द मात्र कामाच्या आधीच सगळीकडे पोहोचला. भाऊ म्हणतात, नाव काय द्यायचे ते द्या, संडासाच्या दारातली पायरी तेवढी काढा.

आणि सगळा दोष सरकारवर टाकून मला मोकळे होता येत नाही. गाडी मी ठरवली होती. तिची पायरी किती उंच, वाटेतल्या हॉटेलचा संडास कसा, यातले काहीही मी पाहिले नव्हते. गाडीचे भाडे कमी करून घेण्यात मात्र अर्धा तास घालवला होता.

बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी देहूरोडला बुद्धमूर्तीची स्थापना केली. येत्या २५ डिसेंबरला तिथे जायचे आमचे ठरते आहे. या वेळी सहल ठरवणाऱ्यांत भाऊ आहेत. गाडी सांगण्याआधी येत्या रविवारी आम्ही दोघे जागा पाहून येणार आहोत. काय काय पाहायचे याची यादी त्यांनी केली आहे: गाडीतून उतरायची जागा, पायऱ्या, कठडा, बसायला बाक, संडासाच्या दाराची रुंदी. टेप मी घ्यायची आहे.