छपराचा जमाखर्च

घर बांधायचे म्हटले की आपल्याकडे हिशेबाला तोटा नसतो. सिमेंटच्या गोण्या किती, सळई किती, चिरे किती हजार, गवंड्याची मजुरी काय, वास्तुशांतीला पाने किती उठणार, सारे वहीत उतरते. भटजी मुहूर्ताचे गणित करतात, इंजिनियर तुळईवरच्या भाराचे करतात, बँक हप्त्यांचे करते. होत नाही तो एकच हिशेब: या घरात उष्णता किती येणार आणि ती जाणार कोठून? असा हिशेब मांडता येतो, याचीच पुष्कळांना वार्ता नसते. ऊन ही देवाची करणी, तिला काय विचारायचे, असा एकूण समज. माझे भांडण या समजाशी आहे. आणि तो समज खपवून घेणाऱ्या माझ्याच व्यवसायबंधूंशी अंमळ अधिक आहे.

मी तीसेक वर्षे तंत्रनिकेतनात मुलांना उष्णतेचे वहन शिकवले. हे शास्त्र काही कालचे नव्हे. फूर्ये नावाचा फ्रेंच गणिती नेपोलियनबरोबर १७९८ साली इजिप्तला गेला होता. त्याने १८२२ साली उष्णतेवरचा आपला ग्रंथ छापला. भिंतीतून जाणारी उष्णता ही दोन्ही अंगांच्या तपमानातल्या फरकाच्या प्रमाणात वाढते आणि जाडीच्या प्रमाणात घटते, हे त्याचे सूत्र आज दोनशे वर्षांनंतरही बॉयलरपासून शीतगृहापर्यंत सर्वत्र चालते. आमचे विद्यार्थी बॉयलरच्या नळीवर ते बिनचूक चालवीत. मग पदविका घेऊन बाहेर पडत आणि माणसांच्या डोक्यावर पाच इंचांचा स्लॅब ओतीत, तेव्हा मात्र फूर्येची आठवण कोणाला होत नसे. बॉयलरची उष्णता वाया गेली तर मालक ओरडतो. घरात शिरलेल्या उष्णतेबद्दल ओरडायला घरमालकाला सूत्र येत नाही, एवढाच काय तो फरक!

निवृत्तीनंतर मी तारकर्लीस राहायला आलो. मालवणच्या दक्षिणेस एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी आणि मध्ये माडांनी भरलेली वाळूची पट्टी. १९९७ साली सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला आणि त्यानंतर या पट्टीवर खोल्या उठू लागल्या. त्याबद्दल माझी तक्रार नाही. मासेमारीवर आणि माडांवर ज्यांचे भागत नव्हते त्यांच्या घरात चार पैसे आले, मुले मुंबईस न जाता गावात राहिली. तक्रार आहे ती या खोल्यांच्या डोक्यावर काय घातले, याबद्दल.

जुने घर कसे होते ते आठवा. चिऱ्याच्या भिंती, पुढे पडवी, वर मंगळुरी कौले, कौलांखाली लाकडी माळा. हे मंगळुरी कौलही तसे परकेच, बासेल मिशनने १८६५ साली मंगळुरास पहिला कारखाना काढला तेथून ते आपल्याकडे आले. पण आपल्या पूर्वजांनी ते पारखून घेतले. कौल पातळ असते. दुपारी ते तापते खरे, पण उष्णता साठवून ठेवण्याइतके त्याच्या पोटात काही नसते. माळ्यावरची तापलेली हवा कौलांच्या फटींतून वर निघून जाते आणि कौलांचा ताव माळा अडवतो. ऊन कलले की थोड्याच वेळात छप्पर निवते. पाऊस संपला की खळे सारवून त्यावर चुडतांचा मांडव घालीत, त्यामुळे भिंतीपुढची जमीनही तापत नसे. यात कोठे गणित लिहिलेले नव्हते, पण उत्तर बरोबर होते.

येथे कोणी म्हणेल, मग सोलापूरकडची जाड मातीची धाब्याची घरे थंड कशी? कारण तेथे दिवस तापतो आणि रात्र निवते. दिवसाची लाट जाड छपरातून खाली पोचेपर्यंत रात्र होते, आणि रात्री दारे उघडली की गार हवा ती उष्णता धुऊन नेते. किनाऱ्यावर ही सोय नाही. मे महिन्यात तारकर्लीस दुपारी ३३-३४ अंश आणि पहाटेही २६-२७. शिवाय दमट हवा, घाम सुकायलाच तयार नाही. येथे साठवण करणारे छप्पर म्हणजे उसनवारी करणारा पाहुणा; घेतले ते रात्री तुमच्याच अंगावर टाकणार. पाच इंच काँक्रीटमधून उष्णतेची लाट खाली यायला तीन-साडेतीन तास लागतात. म्हणजे दुपारी साडेबाराचे ऊन चारच्या सुमारास छताखाली उतरते, आणि जेवून माणूस आडवा होतो तेव्हाही छत वरून शेकतच असते.

आता आकडा सांगतो. दिवाळी अंकात गणित म्हणून पान उलटू नका, बेरीज-गुणाकारापलीकडे त्यात काही नाही. उघड्या स्लॅबच्या दर चौरस मीटरमधून, दर अंश फरकाला सुमारे साडेतीन वॅट उष्णता आत येते. दहा बाय बाराची खोली म्हणजे अकरा चौरस मीटर छप्पर. काळवंडलेल्या स्लॅबचे वरचे अंग उन्हात साठ अंशांकडे झुकते. पण जाडीमुळे लाट बोथट होते, म्हणून मी फरक पंचवीसच धरतो. साडेतीन गुणिले अकरा गुणिले पंचवीस: साडेनऊशे वॅटच्या वर. म्हणजे छताला एक हजार वॅटची शेगडी उलटी टांगली आहे, आणि तिच्याखाली पाहुण्याला गादी घालून दिली आहे!

मग यंत्र येते. एक टनाचे यंत्र म्हणतात त्यातला टन बर्फाचा आहे: एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता ओढतो तेवढी, म्हणजे साडेतीन हजार वॅट, ते यंत्र ओढते. त्यातला चौथा हिस्सा या शेगडीशी लढण्यातच संपतो. एकट्या छपरापायी तीनेकशे वॅट वीज जळते, आणि खोलीतली उष्णता अधिक यंत्राची स्वतःची, अशी दोन्ही मिळून शेजारच्या खिडकीवर फुंकली जाते. शेजारी मग आपलेही यंत्र बसवतो. याला विकास म्हणतात.

माझ्या पुतण्याने घराचे मागचे अंग पाडून तीन खोल्या काढल्या तेव्हा मी हे सारे त्याच्यापुढे मांडले. तो शांतपणे म्हणाला, ‘‘काकानू, गिरायक गाडयेतसून उतरता आणि पयलो सवाल करता, एसी आसा? कौलांची शोभा बघूक कोण थांबणा नाय.’’ त्याचे म्हणणे मी उडवून लावीत नाही. कौले माकडे फोडतात, दरसाल ती चाळायला माणूस मिळत नाही, आणि मे २०२१ च्या तौक्ते वादळात या किनाऱ्यावरची कितीतरी छपरे उडाली हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. ज्याच्या डोक्यावरून कौले उडाली त्याला स्लॅब हवासा वाटला तर त्यात नवल नाही. पण त्याच वादळात वीजही गेली होती. वीज नसलेल्या मे महिन्याच्या रात्री यंत्राच्या भरवशावर बांधलेल्या खोलीत काय होते, तेही पाहिले. माणसे उठून वाळूत जाऊन निजली.

स्लॅब घाला, पण उघडा ठेवू नका. त्यावर कैच्या उभारून हातभर पोकळी सोडा आणि कौले चढवा. पोकळीतून समुद्राचा वारा खेळू द्या. स्लॅब वादळ सोसेल, कौले ऊन सोसतील. ते परवडत नसेल तर दोन इंच फेसाळ प्लॅस्टिकचा थर घालून वर फरशी बसवा. साडेतीनाचा आकडा सहाव्या हिश्श्यावर येतो. तेही नको असेल तर दरवर्षी दिवाळीनंतर चुन्याचे दोन हात द्या. पावसात शेवाळ चढून तो काळा पडतो, म्हणून दरवर्षी म्हटले. केरळात लॉरी बेकर यांनी कौलेच स्लॅबच्या पोटात घालून काँक्रीट वाचवले; तेही आपल्या गवंड्यांना अवघड नाही.

सरकारने काही केलेच नाही असे नाही. २०१८ साली केंद्राने ‘इको-निवास संहिता’ काढली. तिच्यात घराच्या छपराला साडेतीनाच्या जागी १.२ ची मर्यादा घातली आहे. पण ती ५०० चौरस मीटर वा त्याहून मोठ्या भूखंडांसाठी. दोन-अडीच गुंठ्यांत खोल्या काढणारा आमचा गाववाला त्या चाळणीतून अलगद खाली पडतो. आणि त्यालाच विजेचे बिल सर्वांत जड असते.

येत्या पंधरवड्यात पाऊस पुरता हटेल, चिऱ्यांच्या गाड्या सुरू होतील आणि नव्या खोल्यांचे नकाशे टेबलावर पसरतील. तुमच्या इंजिनियरसाहेबांना चहा द्या आणि नकाशाच्या कोपऱ्यात छपराचा आकडा स्वहस्ताक्षरात लिहून मागा. साडेतीन लिहिले, तर सही दुसऱ्या दिवसावर टाका.