खेड्यातल्या मतदाराला शहाणपण शिकवण्याआधी



नोव्हेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक झाली आणि डोनाल्ड ट्रम्प दुसऱ्यांदा निवडून आले. निकालानंतर आपल्या क्रू लॉबीत, सॉर्टिंगच्या टेबलाभोवती, युनियनच्या ऑफिसात एकच वाक्य ऐकू येत होते : "तिथल्या खेडवळांनी स्वतःच्या पायावर कुऱ्हाड मारून घेतली." आम्हीही त्या सुरात सूर मिसळला होता, हे आधीच कबूल करतो. आज मात्र आमचे स्पष्ट मत आहे की हे वाक्य आळशीपणाचे आहे आणि कामगार चळवळीला घातक आहे. का, ते सांगतो.

आकडा खरा आहे. ग्रामीण भागातल्या दर दहा मतदारांपैकी जवळजवळ सात जणांनी ट्रम्प यांना मत दिले. २०२० च्या जनगणनेप्रमाणे अमेरिकेची २० टक्के वस्ती ग्रामीण आहे, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी माणसे. परंतु ही सगळी माणसे एका साच्याची नाहीत. मिसिसिपीच्या कापूसपट्ट्यातला काळा शेतमजूर ग्रामीणच आहे. याच पट्ट्यातली फॅनी लू हेमर ही मजूर बाई १९६२ साली मतदार म्हणून नाव नोंदवायला गेली आणि त्यापायी मळ्यावरचे काम व घर गमावून बसली. रिझर्व्हेशनवर राहणारा मूळनिवासी ग्रामीणच आहे. त्याच्या घराला रस्त्याचे नाव नाही की घर क्रमांक नाही, पत्रे पोस्टातल्या पेटीत येतात. नॉर्थ डकोटा राज्याने ओळखपत्रावर राहत्या घराचा पत्ता पाहिजे असा कायदा केला आणि २०१८ च्या निवडणुकीत तो लागू झाला, तेव्हा यांच्याच मताधिकारावर गदा आली. 'अमेरिकन खेडूत' म्हणून एकाच माणसाला शिव्या देणाऱ्याने हे आधी लक्षात घ्यावे.

आता ट्रम्पला मत देणाऱ्या गोऱ्या खेडूताकडे वळू. तो मतदानाविषयी काय म्हणतो? विस्कॉन्सिन विद्यापीठातील कॅथरिन क्रेमर या प्राध्यापिका २००७ पासून खेड्यापाड्यांतल्या पेट्रोल पंपांवर, खाणावळींत, चर्चच्या तळघरांत जमणाऱ्या लोकांच्या गप्पांना जाऊन बसल्या. २०१६ साली त्यांचे पुस्तक निघाले. त्यांना ऐकू आलेल्या तक्रारी तीन. निर्णय सगळे शहरात होतात. पैसा सगळा शहरात जातो. आणि शहरातली माणसे आम्हाला अडाणी समजतात. या माणसाला मत हे काही मिळवण्याचे साधन वाटतच नाही, कारण कोणीही निवडून आले तरी आपल्या गावात काही येत नाही असा त्याचा अनुभव आहे. मग निदान आपल्याला अडाणी समजणाऱ्याला धडा शिकवण्यासाठी तरी ते वापरू, एवढाच त्याचा हिशेब.

या गप्पांत आणखी एक गोष्ट होती आणि ती आपल्या वर्मी लागणारी आहे. त्या गावकऱ्यांचा राग गिरणीमालकावर कमी आणि शाळामास्तरावर, सरकारी नोकरावर जास्त होता. त्याला पेन्शन आहे, त्याला आरोग्य विमा आहे, आणि तो आमच्या करातून येतो, आम्हाला मात्र यांतले काही नाही, असे ते म्हणत. २०११ साली गव्हर्नर स्कॉट वॉकर यांनी याच रागावर स्वार होऊन 'ॲक्ट १०' कायदा आणला आणि बहुतेक सरकारी कर्मचाऱ्यांचा सामुदायिक वाटाघाटीचा हक्क जवळजवळ संपवला. राजधानी मॅडिसनमध्ये लाखाच्या घरात माणसे रस्त्यावर उतरली. कायदा झालाच. २०१२ साली वॉकर यांना परत बोलावण्यासाठी फेरमतदान घेतले गेले, त्यातही ते टिकले. युनियनच्या मोर्चात गाव आले नाही. का आले नाही, याचे उत्तर आपणही दिले पाहिजे.

खेड्याचा स्वभावच असा उजवा, असे कोणी म्हणेल तर त्याने इतिहास वाचावा. ४ जुलै १८९२ रोजी ओमाहा शहरात कर्जबाजारी शेतकऱ्यांच्या पीपल्स पार्टीने जाहीरनामा काढला. मागण्या कोणत्या? रेल्वे सरकारच्या मालकीची करा, तार आणि टेलिफोन पोस्टासारखे सरकारने चालवा, पोस्टात बचत बँक काढा. त्या वर्षी त्यांच्या उमेदवाराला दहा लाखांवर मते पडली. नॉर्थ डकोटाच्या शेतकऱ्यांनी १९१९ साली राज्याच्या मालकीची बँक काढली, ती आजही चालते. १९३० च्या दशकात दहा शेतांपैकी जेमतेम एकावर वीज होती. रूझवेल्ट सरकारने कर्जे दिली, शेतकऱ्यांनी सहकारी संस्था काढून खांब रोवले आणि गावोगाव दिवे लागले. अशा सरकारला खेड्याने मते दिली.

नंतर काय झाले? १९९४ मध्ये उत्तर अमेरिकेचा मुक्त व्यापार करार लागू झाला. बोलणी रिपब्लिकन बुश यांनी केली होती, कायद्यावर सही डेमोक्रॅट क्लिंटन यांनी केली. लहान गावांतले कापडाचे, फर्निचरचे, सुट्या भागांचे कारखाने बंद पडत गेले. २०१० पासून शंभराहून अधिक ग्रामीण रुग्णालये बंद झाली वा त्यांनी खाटा काढल्या. २०१२ साली टपाल खात्याने सुमारे १३ हजार ग्रामीण पोस्टांचे तास कापायचे ठरवले. कारखाना गेला तशी युनियनची शाखाही गेली. ज्या गावात युनियनचे ऑफिस उरले नाही, त्या गावात कामगाराची बाजू सांगणार कोण? तिथे मग रेडिओवरचा भडकावू वक्ता उरतो.

रेल्वेवाल्यांनो, तुमच्याच धंद्यातले उदाहरण घ्या. २०२२ च्या अखेरीस अमेरिकेतील मालगाड्यांवरच्या कामगारांनी आजारपणाची पगारी रजा मागितली. त्यांना तशी एकही रजा नव्हती. बारा युनियनांपैकी चारांच्या सभासदांनी करार फेटाळला. तेव्हा स्वतःला कामगारांचा मित्र म्हणवणाऱ्या बायडेन यांनी काँग्रेसकडून कायदा करून घेऊन तोच करार त्यांच्या माथी मारला आणि संप बेकायदा ठरवला. सात दिवसांच्या रजेचा वेगळा ठराव सिनेटमध्ये पडला. ५२ मते मिळाली, ६० लागत होती. १९७४ चा संप आठवणाऱ्यांना सरकारची ही रीत ओळखीची वाटेल. पुढे २०२३ मध्ये अनेक युनियनांनी कंपन्यांशी भांडून काही दिवसांची रजा मिळवली, ती संघटनेच्या बळावर.

कायद्याला दोनच महिने झाले होते. ३ फेब्रुवारी २०२३ च्या रात्री ओहायोतल्या ईस्ट पॅलेस्टाईन या पाच हजारांहून कमी वस्तीच्या गावात नॉरफोक सदर्न कंपनीची मालगाडी घसरली. कारण हॉट ॲक्सल. बेअरिंग तापत गेले आणि इशारा मिळाला तेव्हा उशीर झाला होता. ३८ डबे रुळांवरून उतरले. तीन दिवसांनी पाच टँकरमधले विषारी विनाइल क्लोराइड मुद्दाम जाळण्यात आले आणि गावावर काळा ढग चढला. ट्रम्प त्याच महिन्यात गावात गेले. अध्यक्ष बायडेन गेले ते वर्षभराने. तापलेले बेअरिंग वेळेत पकडणारी यंत्रे आणि गाडीवर किमान दोन माणसे, अशा तरतुदींचे विधेयक दोन्ही पक्षांच्या सिनेटरांनी मिळून मांडले. २०२४ संपेपर्यंत ते मंजूर झाले नाही. आता सांगा, त्या गावातल्या माणसाने दिल्या-घेतल्याचा कोणता हिशेब मांडून मत द्यायचे होते?

आणि तरीही हा माणूस कामगाराच्या विरुद्ध आहे असे आम्ही मानत नाही. पुरावा मतपेटीतच आहे. मिसुरी राज्याने २०१६ मध्ये ट्रम्प यांना सुमारे १९ टक्क्यांची आघाडी दिली. त्याच मिसुरीत ऑगस्ट २०१८ मध्ये युनियनची वर्गणी मोडून काढणाऱ्या 'राइट टू वर्क' कायद्यावर जनमत झाले. दर तिघांपैकी दोघांनी तो कायदा फेटाळला, आणि त्यांत ट्रम्पला भरभरून मते देणाऱ्या कितीतरी ग्रामीण काउंट्या होत्या. त्या मोहिमेत युनियनचे कार्यकर्ते दारोदार हिंडले होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये मिसुरी आणि नेब्रास्का या दोन्ही राज्यांनी ट्रम्पना निवडले आणि त्याच दिवशी आजारपणाच्या पगारी रजेचा कायदाही मंजूर केला. नेब्रास्कात तर चारांपैकी तीन मते रजेच्या बाजूने पडली. प्रश्न सरळ विचारला की खेडे सरळ उत्तर देते. परंतु पुढचेही ऐका. मिसुरीच्या विधिमंडळाने २०२५ मध्ये तो रजेचा कायदा रद्दच करून टाकला. मत देऊन काम संपत नाही. मत राखायला संघटना लागते.

आता टपाल बांधवांसाठी दोन शब्द. अमेरिकेत मतदान मंगळवारी होते. १८४५ च्या कायद्याने तो वार ठरला, कारण तेव्हा शेतकरी घोडागाडीने काउंटीच्या गावी जात आणि रविवारचा चर्च व बुधवारचा बाजार सांभाळून मत देत. आज तिथे देशभरासाठी मतदानाच्या पगारी सुट्टीचा कायदा नाही. आपल्याकडे १९९६ मध्ये लोकप्रतिनिधित्व कायद्यात कलम १३५ ब घालून तो हक्क मिळाला. त्यामुळे तासाच्या मजुरीवर जगणाऱ्याला आणि मतदानकेंद्रापासून लांब राहणाऱ्याला तिथे आधार आहे तो टपालाचा. ऑरेगन, वॉशिंग्टन, कोलोरॅडो या राज्यांत मतपत्रिका घरोघरी टपालाने जाते. २०२० मध्ये, साथीच्या काळात, देशातल्या सुमारे ४३ टक्के मतदारांनी टपालाने मत दिले. नेमके त्याच उन्हाळ्यात नव्या पोस्टमास्टर जनरलच्या कारकिर्दीत सॉर्टिंगची यंत्रे काढली गेली, जादा फेऱ्या आणि ओव्हरटाइम कापला गेला. टपाल तुंबले. युनियनांनी आणि जनतेने गदारोळ केला तेव्हा ऑगस्टमध्ये माघार घ्यावी लागली आणि मतपत्रिका पोहोचल्या. पुढे प्रादेशिक केंद्रापासून ५० मैलांपलीकडच्या पोस्टांतली संध्याकाळची उचल बंद करण्याची योजना आली. डिसेंबर २०२५ मध्ये तर खात्याने नियमपुस्तिकेतच लिहून टाकले की टपाल दिले त्या तारखेचाच शिक्का त्यावर पडेल असे नाही. ज्या राज्यांत शिक्क्याच्या तारखेवर मत धरायचे की नाही ते ठरते, तिथे दूरच्या गावातल्या माणसाच्या मताचे काय होणार? खेड्यातले पोस्ट कापणे म्हणजे खेड्यातले मत कापणे होय. खासगीकरणाचे ढोल तिथेही वाजत आहेत, आणि खासगी कंपनी शेवटच्या वाडीपर्यंत तोट्यात जाऊन पत्र नेणार नाही हे सांगायला अर्थशास्त्री लागत नाही.

येथे एक आक्षेप आम्हीच घेतो. या मतांत काळ्यांविषयीचा, स्थलांतरितांविषयीचा द्वेष नव्हता काय? होता. त्यावर पांघरूण घालणे म्हणजे फॅनी लू हेमर यांचा अपमान करणे होय. द्वेषाला आमचे उत्तर ठाम 'नाही' असेच आहे. परंतु द्वेष पेरणारा गावात रोज हजर असतो आणि आपण पाच वर्षांतून एकदा पत्रक घेऊन जातो. मग पीक त्याचे येते. चुकीच्या मताला चूक म्हणावे, आणि ते म्हणायला त्या गावात जावे.

हे सारे लिहिण्याचे कारण आपल्या दारात आहे. १ जानेवारी २००४ नंतर लागलेल्या आपल्या साथींची जुनी पेन्शन गेली. २०२५ पासून 'युनिफाइड पेन्शन'चा पर्याय पुढे केला आहे, तरी जुन्या पेन्शनची लढाई चालू आहे आणि ती न्याय्य आहे. पण ज्या शेतकऱ्याला, बिगारी कामगाराला म्हातारपणी काहीच मिळत नाही, तो आपल्या मोर्चाकडे कोणत्या नजरेने पाहतो? विस्कॉन्सिनचा गावकरी पाहत होता त्याच नजरेने. आणि त्याच गावात शाखा डाकघर चालवणारा ग्रामीण डाक सेवक चार-पाच तासांच्या हिशेबाने भत्ता घेतो. खात्याचा शिक्का मारतो, पण खाते त्याला नियमित कर्मचारी मानत नाही. त्याचा प्रश्न आपल्या मागणीपत्रात कितव्या क्रमांकावर असतो, ते ज्याने त्याने पाहावे.

म्हणून आमचे सांगणे असे. पेन्शनची मागणी मांडताना गावातल्या म्हाताऱ्याच्या निवृत्तिवेतनाचीही मागणी मांडा. ग्रामीण डाक सेवकाला नियमित करण्याची मागणी यादीच्या तळाशी ठेवू नका. पॅसेंजर गाडीचा थांबा बंद झाला, शाखा डाकघराचे तास कमी झाले, तर गावकऱ्यांच्या आधी युनियनने निवेदन द्यावे. भुसावळ असो वा इटारसी, हुबळी असो वा सिकंदराबाद, प्रत्येक शाखेने वर्षातून चार वेळा तरी जवळच्या गावात सभा घ्यावी, आणि तिथे भाषण देण्याआधी तासभर ऐकून घ्यावे.

मिसुरीत युनियनचे कार्यकर्ते दारोदार गेले, गाव त्यांच्या बाजूने उभे राहिले. विस्कॉन्सिनच्या गावांत कोणी वेळेवर पोहोचले नाही, तिथे हक्क गेला. यांतला धडा घ्यायला आपल्याला अमेरिकेला जायची गरज नाही, पुढच्या स्टेशनवर उतरले तरी पुरे.

कामगार एकजुटीचा विजय असो!