प्रेशर नॉर्मल आहे, मग?

मागच्या आषाढात जित्याला मामाकडे गेलो होतो. पनवेल-रोहा लाईनवर आपट्यानंतर येणारं छोटंसं स्टेशन. जवळच हमरापूर-जोह्याच्या पट्ट्यात गणपतीचे कारखाने आहेत आणि मामा त्यातल्याच एकात आखणी करतो. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवणं. ब्रशचं टोक केसाएवढं आणि हात असा स्थिर की बघूनच मला घाम फुटतो. तर हा माणूस त्या दिवशी दोनदा वरच्या फळीवर डोकं आपटून घेताना दिसला. मामी म्हणाली, "हल्ली असंच करतात, लक्ष नसतं." डोळे तपासलेत का विचारलं तर मामाने कप्प्यातून चिठ्ठी काढली. दोन वर्षांपूर्वीच्या एका शिबिरातली. नजर ठीक, मोतीबिंदू नाही, प्रेशर १७, नॉर्मल.

पनवेलला नेऊन फील्ड टेस्ट केली तेव्हा निघाला काचबिंदू, आणि तोही बराच पुढे गेलेला. उजव्या डोळ्याचा वरचा भाग जवळजवळ गेलाय, डाव्यालाही सुरुवात आहे. गेलेलं परत येत नाही. मधली नजर मात्र अजून शाबूत, म्हणून आखणी चालू! काचबिंदू कडेकडेने खातो आणि मधलं बहुतेकदा शेवटपर्यंत ठेवतो, त्यामुळे अक्षरांच्या तक्त्यावर माणूस मजेत पास होतो.

डॉक्टर म्हणाले, प्रेशर नॉर्मल असूनही हा आजार होतो. माझ्यातल्या इंजिनिअरला ते काही पटेना. मग वाचत बसलो, आणि लक्षात आलं की हा तर आपल्या दुसऱ्या वर्षाचा 'स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्स'. (एटीकेटीवाल्यांनी घाबरू नये.)

डोळा म्हणजे पातळ भिंतीचं प्रेशर व्हेसल. आतला दाब १५ मिमी पारा धरला तर तो साधारण २ किलोपास्कल. त्रिज्या १२ मिमी, भिंत ०.८ मिमी, गोलाचं सूत्र लावलं की भिंतीतला ताण येतो १५ किलोपास्कलच्या आसपास, म्हणजे दाबाच्या सातआठ पट. गणित ढोबळ आहे, पण मुद्दा कळतो. आता या व्हेसलला मागे दीडेक मिलिमीटरचं भोक आहे. तिथून मज्जातंतूचे दहाबारा लाख धागे मेंदूकडे जातात. भोक तसंच उघडं ठेवून चालत नाही, म्हणून त्यावर कोलॅजनची एक चाळणी बसवलेली असते, लॅमिना क्रिब्रोसा. भोकाभोवती कोलॅजनच्या तंतूंचं कडंही असतं. प्लास्टरच्या मूर्तीत मजबुतीला काथ्या घालतात ना, तसंच काहीसं. चाळणीच्या वरच्या आणि खालच्या बाजूची छिद्रं मोठी, आधार कमी. तिथले धागे आधी दबतात, त्यांच्यातून होणारी ने-आण अडते, आणि मग ते मरतात. खालचे गेले की वरचं दिसेनासं होतं. मामाची फळी!

म्हणजे १७ हा फक्त लोड आहे. चाळणी किती जाड, भिंत किती ताठ, मागून मेंदूच्या द्रवाचा दाब किती, हे त्या आकड्यात कुठेच नाही. जास्त मायनस नंबरवाल्यांचा डोळा लांब आणि भिंत पातळ, म्हणून त्यांना धोका जास्त. (चष्मेवाल्या आयटी जनतेने नोंद घ्यावी.)

आणि तो आकडा तरी खरा का? मोजणीचं नावाजलेलं यंत्र, गोल्डमनचं, पारपटल साधारण ५२० मायक्रॉन जाड धरून बनलंय. पटल पातळ असेल तर आकडा कमी दिसतो. नागपूरच्या सूरज आय इन्स्टिट्यूटने २००६ ते २००८ मध्ये आसपासच्या खेड्यांतल्या ४,७११ लोकांचे डोळे तपासले. सरासरी जाडी भरली ५१४. सरासरीच इतकी, तर तिच्या खालचे निम्मे लोक कुठे असतील बघा. याच पाहणीतून मेंदूतल्या द्रवाच्या दाबाचा डोळ्याच्या दाबाशी काय संबंध, यावरही काम झालं. तो दाब मात्र थेट मोजलेला नाही. वय, वजन-उंची आणि रक्तदाबावरून सूत्राने काढलेला. त्यासाठी खेड्यातल्या प्रत्येकाच्या पाठीत सुई कोण घालणार?

म्हणून प्रेशर बघूच नका असं म्हणायचं नाहीये. उलट, उपाय करायला हाताशी तेवढंच एक बटण आहे. १९९८ च्या एका मोठ्या चाचणीत नॉर्मल प्रेशरवाल्यांचंही प्रेशर ३० टक्के उतरवल्यावर आजाराचा वेग कमी झाला होता. माझं भांडण आहे ते चिठ्ठीवरच्या 'नॉर्मल' या शब्दाशी. सर्व्हरचा सीपीयू ४० टक्के आहे म्हणून डिस्क ठीक आहे, असं आपण क्लायंटला सांगतो का? शिबिरात मोतीबिंदू शोधतात, चष्मे देतात, ते उत्तमच. पण चाळिशीपुढच्या माणसाच्या नसेचं तोंड ऑप्थॅल्मोस्कोपने बघायला काही मिनिटं लागतात. घरात कोणाला काचबिंदू आहे का, हे विचारायला तर यंत्रही लागत नाही. तेवढं होत नसेल तर चिठ्ठीवर 'प्रेशर १७' एवढंच लिहा, पुढचा शब्द लिहू नका.

असो. मामा आता रोज रात्री थेंब टाकतो, म्हणजे मामी टाकते. कारखान्यातली फळी मालकाने फूटभर वर घेतलीय.

हा आजार रक्ताच्या नात्यात चालतो, म्हणून मी आईची अपॉइंटमेंट घेतली. मामाची सख्खी बहीण, वय ५८. तर ती म्हणते, "मला काय झालंय? अजून सुईत दोरा ओवते मी." शनिवारी ११ ची वेळ आहे.