चित्रपट पाहण्यापूर्वी : कोणते संकेतस्थळ कशासाठी?

एके काळी चित्रपटाची निवड हा विचाराचा विषयच नव्हता. गावात एक-दोन चित्रपटगृहे असत, वर्तमानपत्रात जाहिरात येई आणि शेजारी पाहून आला असेल तर त्याचा अभिप्राय मिळे. आज घरच्या दूरचित्रवाणीवर आणि हातातील मोबाइलवर हजारो चित्रपट उपलब्ध आहेत. परंतु काय पाहावे हे ठरविण्यातच अर्धी संध्याकाळ निघून जाते. कधी नावाजलेला चित्रपट निराशा करतो, तर कधी मुलांसमवेत बसल्यावर मध्येच दूरचित्रवाणी बंद करावी लागते.

मालाची खरेदी करताना व्यापारी भाव, प्रत आणि वजन यांची स्वतंत्र चौकशी करतो. भाव सांगणाऱ्याला तो प्रतीचा दाखला मागत नाही. चित्रपटविषयक संकेतस्थळांचेही तसेच आहे. प्रत्येक संकेतस्थळ एका ठरावीक प्रश्नाचे उत्तर चांगले देते. त्याला भलताच प्रश्न विचारला, तर आकडा खरा असूनही निष्कर्ष चुकतो. म्हणून कोणते संकेतस्थळ नेमके काय मोजते, हे आधी समजून घेणे हिताचे आहे.

माहितीचा कोश

चित्रपटाचे साल, दिग्दर्शक, कलावंत, संगीतकार, लांबी अशी मूलभूत माहिती हवी असेल, तर ‘आयएमडीबी’ हे सर्वांत परिचित संकेतस्थळ होय. 1990 मध्ये ब्रिटनमधील कॉल नीडहॅम या चित्रपटप्रेमी संगणकतज्ज्ञाने इतर हौशी मंडळींच्या साहाय्याने त्याचा प्रारंभ केला. 1998 मध्ये ‘अॅमेझॉन’ने ते विकत घेतले. छोट्या भूमिकेतील एखादा चेहरा ओळखीचा वाटतो, पण नाव आठवत नाही, अशा वेळी या कोशाचा चांगला उपयोग होतो.

येथे प्रेक्षक दहापैकी गुण देतात. मात्र दिसणारा आकडा ही सर्व गुणांची साधी सरासरी नसते. काही मतांना कमी-अधिक भार दिला जातो, आणि गठ्ठ्याने मते टाकून कोणी आकडा फुगवू नये म्हणून ही पद्धत पूर्णपणे उघड केली जात नाही. त्यामुळे गुणांबरोबर दोन गोष्टी अवश्य पाहाव्यात. पहिली म्हणजे एकूण मतांची संख्या. शे-दोनशे मतांवरील नऊ गुणांपेक्षा लाखभर मतांवरील साडेसात गुण अधिक विश्वसनीय असतात. दुसरी म्हणजे मतांची विभागणी. बहुतेक मते केवळ दहा किंवा केवळ एक अशीच पडली असतील, तर तेथे चित्रपटाच्या गुणवत्तेपेक्षा नटाचे चाहते आणि विरोधक यांचा संघर्ष अधिक असण्याची शक्यता असते.

टक्के म्हणजे गुण नव्हेत

‘रॉटन टोमॅटोज’ हे 1998 मध्ये अमेरिकेत सुरू झालेले संकेतस्थळ समीक्षकांची मते एकत्र करते. त्यावरील टक्केवारीबाबत सुशिक्षितांचाही गैरसमज होतो. 90 टक्के याचा अर्थ चित्रपटाला शंभरात नव्वद गुण मिळाले असा नाही. शंभरपैकी नव्वद समीक्षकांचे मत अनुकूल आहे, एवढाच त्याचा अर्थ. साठ टक्के किंवा अधिक समीक्षक अनुकूल असले की चित्रपट ‘ताजा’ ठरतो, त्याखाली ‘नासका’.

हिशेब मांडून पाहावा. एका चित्रपटाला दहा समीक्षकांनी दहापैकी प्रत्येकी सहा गुण दिले. सर्वांचे मत जेमतेम का होईना, पण अनुकूल. म्हणून टक्केवारी 100. दुसऱ्या चित्रपटाला सात समीक्षकांनी पूर्ण दहा गुण दिले आणि तिघांनी चार. टक्केवारी 70, परंतु सरासरी गुण 8.2. पहिल्याची सरासरी मात्र सहाच. टक्केवारी पाहणारा पहिला चित्रपट निवडील आणि कदाचित एक असामान्य कलाकृती हुकवील. ज्यांना सरासरी गुणच हवे असतील, त्यांच्यासाठी ‘मेटाक्रिटिक’ हे संकेतस्थळ आहे. ते समीक्षकांच्या मतांचे शंभरपैकी गुणांत रूपांतर करून भारित सरासरी देते. कुणालाही फारसा न खटकणारा चित्रपट हवा असेल तर पहिले पाहावे. दर्जाची तुलना करावयाची असेल तर दुसरे.

मुलांसमवेत पाहता येईल काय?

कुटुंबाच्या दृष्टीने हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे आणि गुण वा टक्केवारी त्याचे उत्तर देत नाहीत. सेन्सॉर प्रमाणपत्र ही पहिली पायरी. 2023 च्या सिनेमॅटोग्राफ सुधारणा कायद्याने ‘यूए’ या जुन्या वर्गाचे 7+, 13+ आणि 16+ असे तीन भाग केले. 2021 च्या माहिती-तंत्रज्ञान नियमांनुसार घरबसल्या चित्रपट दाखविणाऱ्या सेवांनाही असेच वयोगट दर्शवावे लागतात आणि 13+ व त्यावरील चित्रपटांसाठी पालकांना कुलूप घालण्याची सोय द्यावी लागते. हे कुलूप बहुतेक घरांत कधीच लावले जात नाही; सेवेच्या ‘सेटिंग्ज’मध्ये जाऊन ते एकदा लावून ठेवावे.

अधिक तपशील हवा असल्यास ‘आयएमडीबी’वर प्रत्येक चित्रपटाच्या पानावर पालकांसाठी स्वतंत्र विभाग असतो. नग्नता, हिंसा, अपशब्द, मद्य व धूम्रपान, भीतिदायक दृश्ये अशा पाच सदरांत प्रेक्षकांनी तेथे नोंदी केलेल्या असतात. अमेरिकेतील ‘कॉमन सेन्स मीडिया’ ही संस्था 2003 पासून कोणत्या वयाच्या मुलाला कोणता चित्रपट योग्य, याचे विवेचन करीत आहे. इंग्रजी चित्रपटांसाठी ती विशेष उपयुक्त ठरते.

अनेक घरांत, विशेषतः लहान मुलांना, पडद्यावर मुका जीव मरताना पाहणे सहन होत नाही. अशांसाठी ‘डझ द डॉग डाय’ नावाचे एक आगळे संकेतस्थळ आहे. चित्रपटात कुत्रा किंवा अन्य प्राणी मरतो काय, ही माहिती देण्यासाठी ते सुरू झाले. आता इतर क्लेशकारक प्रसंगांचीही नोंद तेथे मिळते. येथे एक भेद ध्यानात घ्यावा. हे संकेतस्थळ कथेत काय घडते ते सांगते. प्रत्यक्ष चित्रीकरणात प्राण्यांचा वापर करावयाचा असेल, तर आपल्या देशात 2001 च्या नियमांनुसार भारतीय पशुकल्याण मंडळाची परवानगी घ्यावी लागते.

कोठे मिळेल आणि कितीला?

चित्रपट ठरला, पण तो कोणत्या सेवेवर आहे हे ठाऊक नसते. ‘जस्टवॉच’ या बर्लिनस्थित कंपनीच्या संकेतस्थळावर भारत हा देश निवडून नाव टाकले, की तो कोठे वर्गणीत समाविष्ट आहे, कोठे भाड्याने आणि कोठे विकत मिळतो, हे किमतीसह दिसते. एका चित्रपटासाठी वर्षाची वर्गणी भरण्यापूर्वी ही तुलना अवश्य करावी.

वर्गणी भरताना बहुधा ती आपोआप नव्याने वसूल करण्याची संमती घेतली जाते. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार अशी रक्कम खात्यातून जाण्यापूर्वी किमान 24 तास ग्राहकाला सूचना मिळाली पाहिजे. तो संदेश न वाचता पुसून टाकला, तर न वापरलेल्या सेवेचे पैसे वर्षानुवर्षे जात राहतात. कार्ड देणाऱ्या बँकेच्या संकेतस्थळावर किंवा यूपीआय अॅपमध्ये अशा संमतींची यादी पाहता येते व नको असलेली रद्द करता येते. घरातील प्रत्येक सदस्याच्या मोबाइलवर अशा किती वर्गण्या सुरू आहेत, हे दिवाळीत वह्या बदलताना एकदा तपासले तरी पुष्कळ बचत होते.

कोटींचा आकडा वाचताना

चित्रपटाने किती कमावले, याची उत्सुकता व्यापारी मनाला असणारच. अमेरिकेच्या आकड्यांसाठी ‘बॉक्स ऑफिस मोजो’ आणि हिंदी चित्रपटांसाठी ‘बॉलिवूड हंगामा’ ही संकेतस्थळे प्रसिद्ध आहेत. मात्र आपल्याकडील आकडे बव्हंशी व्यापारी अंदाजांवर आधारलेले असतात, आणि विक्री म्हणजे नफा नव्हे हे येथेही लागू पडते.

समजा तिकीट 236 रुपयांचे आहे. त्यातील 18 टक्के दराने 36 रुपये जीएसटी वजा जाता निव्वळ रक्कम 200 उरते. मल्टिप्लेक्समध्ये पहिल्या आठवड्यात साधारणतः त्यातील निम्मा वाटा वितरकाकडे जातो आणि पुढील आठवड्यांत हा वाटा घटत जातो. म्हणजे 236 रुपयांतील फार तर शंभर रुपये त्या बाजूला पोहोचतात. त्यातून जाहिरात, वितरण आणि निर्मितीचा खर्च भागवावयाचा असतो. ‘शंभर कोटींचा टप्पा’ हा शब्दप्रयोग वाचताना तो आकडा एकूण वसुलीचा की निव्वळ, हे प्रथम पाहावे.

जुना ठेवा

1931 चा ‘आलम आरा’ हा आपला पहिला बोलपट. त्याची एकही प्रत आज उपलब्ध नाही. मूकपटांच्या काळातील बहुतांश चित्रपट असेच नष्ट झाले. जुन्या फिती ज्वालाग्राही होत्या आणि त्यांतील चांदी काढण्यासाठीही कित्येक वितळविल्या गेल्या. 1964 मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने आणि त्याचे शिल्पकार पी. के. नायर यांनी उरलेले जतन करण्यासाठी अपार कष्ट घेतले.

या ठेव्याचे दार घरबसल्या उघडणारे संकेतस्थळ म्हणजे ‘इंडियनसिने डॉट एमए’. भारतीय चित्रपटांची सूची, आशिष राजाध्यक्ष व पॉल विलमेन यांच्या भारतीय चित्रपटकोशातील माहिती, आणि स्वामित्वहक्काची मुदत संपलेले अनेक चित्रपट तेथे आहेत. भारतीय कायद्यानुसार चित्रपटाचा स्वामित्वहक्क प्रदर्शनाच्या पुढील वर्षारंभापासून 60 वर्षे टिकतो. पहिल्या राष्ट्रीय पुरस्कारांत राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळविणारा ‘श्यामची आई’ 1953 चा. त्याची मुदत 2013 अखेर संपली.

विदेशी जुन्या चित्रपटांसाठी ‘इंटरनेट अर्काइव्ह’ हे 1996 पासूनचे संकेतस्थळ आहे. तेथे मिळणाऱ्या ‘शराड’ या 1963 च्या चित्रपटाची कथा व्यापाऱ्यांनी लक्षात ठेवावी अशी आहे. कॅरी ग्रँट आणि ऑड्री हेपबर्न यांच्यासारखे नामवंत कलावंत असूनही चित्रफितीवरील सूचनेत ‘कॉपीराइट’ हा शब्द किंवा त्याचे चिन्ह छापावयाचे राहिले. तत्कालीन अमेरिकी कायद्यानुसार ती सूचना सदोष ठरली आणि चित्रपट प्रदर्शित होताच सार्वजनिक झाला. एका शब्दाच्या त्रुटीने मोठ्या मिळकतीवरील हक्क गेला.

फुकटाची किंमत

कायदेशीर फुकट आणि चोरीचे फुकट यांतील सीमारेषा येथेच स्पष्ट होते. मुदत संपलेला चित्रपट, किंवा ‘राजश्री’सारख्या निर्मात्यांनी स्वतःच्या अधिकृत यूट्यूब वाहिनीवर ठेवलेला चित्रपट निःशंकपणे पाहावा. परंतु शुक्रवारी प्रदर्शित झालेला चित्रपट शनिवारी अनोळखी संकेतस्थळावर फुकट दिसत असेल, तर तो चोरीचा माल होय. 2023 च्या सुधारणेनुसार चित्रपटाची अनधिकृत ध्वनिचित्रफीत बनविणाऱ्यास किमान तीन महिने व कमाल तीन वर्षे कैद, तसेच किमान तीन लाख रुपये दंड होऊ शकतो. दुकानातील माल चोरून बाहेर स्वस्तात विकला गेला, तर व्यापाऱ्याच्या जिवाची जी तगमग होते, तीच शेकडो तंत्रज्ञांचे श्रम फुकट जाताना निर्मात्याची होते.

शिवाय अशा ठिकाणी ‘प्ले’च्या खोट्या बटणामागे जाहिराती, घातक फाइली आणि कार्डाची माहिती मागणारे अर्ज दडलेले असतात. ज्या मोबाइलवर दुकानाचे यूपीआय चालते, त्याच मोबाइलवर मुलगा असा चित्रपट उतरवून घेत असेल, तर धोका साऱ्या खात्याला आहे. फसवणूक झालीच, तर विलंब न करता 1930 या राष्ट्रीय मदतक्रमांकावर आणि स्वतःच्या बँकेत तक्रार नोंदवावी. पैसे पुढे वळते होण्यापूर्वी रोखले जाण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच अधिक असते.

सारांश, क्रम सोपा ठेवावा : प्रथम वयोगट, मग समीक्षकांची सरासरी व मतसंख्या, आणि शेवटी अधिकृत ठिकाण व किंमत. या चौकशीला पाच मिनिटे पुरतात. पाहून झाल्यावर ‘लेटरबॉक्स्ड’ या न्यूझीलंडमध्ये जन्मलेल्या संकेतस्थळावर, नाहीतर घरच्या वहीत, तारीख आणि चार ओळींचा अभिप्राय लिहून ठेवावा. वर्षभरात कोणते चित्रपट घरातील आजीपासून नातवापर्यंत सर्वांना आवडले, याची जी यादी त्यातून तयार होईल, तिच्याइतकी भरवशाची शिफारस त्या कुटुंबाला दुसरीकडे मिळणे कठीण.