खरी लढत प्रचाराआधीच संपते

रायगड लोकसभा मतदारसंघात २०१४, २०१९ आणि २०२४ अशा सलग तीन निवडणुकांत राष्ट्रवादीचे सुनील तटकरे आणि शिवसेनेचे अनंत गीते समोरासमोर उभे ठाकले. पहिल्या लढतीत गीते अवघ्या २,११० मतांनी तरले. त्या वेळी तटकरेंच्याच नावाच्या एका अपक्षाला साडेनऊ हजारांवर मते पडली होती. पुढच्या दोन्ही लढती तटकरेंनी जिंकल्या, ३१,४३८ आणि ८२,७८४ मतांनी.

दोघांच्या प्रचाराची घडण वेगळी. गीतेंची भिस्त शाखेवर, मतदानाला गावी येणाऱ्या मुंबईच्या चाकरमान्यांवर आणि कुणबी समाजातल्या जुन्या संबंधांवर. रोह्याच्या तटकरेंचा भर सरपंच, जिल्हा परिषद सदस्य आणि सत्तेतून होणाऱ्या कामांवर. २०२४ मध्ये तर कन्या आदिती राज्यात मंत्री होत्या. गीतेंनी निष्ठेचा मुद्दा लावून धरला, तटकरेंनी विकासाचा.

यात तिसरा गडी शेतकरी कामगार पक्ष (शेकाप). पेण-अलिबाग पट्ट्यातल्या लाल बावट्याने २०१४ मध्ये स्वतंत्र उमेदवार देऊन सव्वा लाखावर मते घेतली, २०१९ मध्ये तटकरेंना साथ दिली आणि २०२४ मध्ये गीतेंना. दर वेळी गावागावांतले तेच कार्यकर्ते नव्या उमेदवारासाठी दारोदार फिरले.

मात्र २०२४ ची सर्वांत महत्त्वाची चुरस महायुतीच्या आतच झाली. पेणचे दोन वेळचे आमदार धैर्यशील पाटील २०२३ मध्ये शेकाप सोडून भाजपमध्ये आले आणि लोकसभेच्या तयारीला लागले. जागावाटपात मतदारसंघ राष्ट्रवादीकडे, म्हणजे तटकरेंकडे गेला, पाटील नंतर राज्यसभेवर गेले. तटकरे हवेत की पाटील, यावर पेण किंवा रोह्यातल्या एकाही कार्यकर्त्याला मत देता आले नाही.

याची किंमत डोलवीसारखी गावे मोजतात. धरमतर खाडीकाठच्या या गावात जेएसडब्ल्यूचा अवाढव्य पोलाद प्रकल्प आहे. स्थानिकांच्या नोकऱ्या, धूळ, वडखळ-अलिबाग रस्त्यावरची अवजड वाहने, खारेपाटातले फुटणारे बांध आणि २०११ पासून रखडलेले मुंबई-गोवा महामार्गाचे काम हे इथले रोजचे प्रश्न. उमेदवारी गावकऱ्यांसमोर मागावी लागली असती, तर प्रत्येक इच्छुकाला यांवर नेमके बोलावे लागले असते. उमेदवार मुंबईत ठरला की प्रचारात उरतात ते झेंडे आणि एकमेकांवरचे आरोप.

अमेरिकेत पक्षाचा उमेदवार ठरवण्यासाठीही मतदान होते. २००८ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी हिलरी क्लिंटन यांनी मोठ्या राज्यांवर भर दिला, तर बराक ओबामांनी छोट्या राज्यांतल्या पक्षबैठकांपर्यंत कार्यकर्ते पोहोचवून प्रतिनिधी जमवले. पक्षातले नवखे नाव संघटनेच्या जोरावर पुढे आले.

महाराष्ट्रातही असा प्रयोग झाला आहे. २०१४ मध्ये काँग्रेसने वर्ध्यात पक्षांतर्गत मतदान घेतले. खासदार दत्ता मेघे यांचे पुत्र सागर मेघे यांनी काँग्रेस नेत्या प्रभा राव यांच्या कन्या चारुलता टोकस यांना हरवले. मतदार मात्र पक्षाचे पदाधिकारीच होते, त्यामुळे चुरस दोन राजकीय घराण्यांपलीकडे गेली नाही. लोकसभा निवडणुकीत सागर मेघे दोन लाखांहून अधिक मतांनी पडले आणि पक्षाने पुढे हा मार्ग सोडून दिला. चूक मतदान घेण्यात नव्हती, ते मूठभरांपुरते ठेवण्यात होती.

सामान्य माणसाला यातले काय कळते, असे म्हणणाऱ्यांनी पेण तालुक्याचा इतिहास पाहावा. २१ सप्टेंबर २००८ रोजी महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठीच्या (सेझ) भूसंपादनाच्या प्रश्नावर हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांत सरकारने शेतकऱ्यांचा कौल घेतला. प्रचार दोन्ही बाजूंनी झाला, शेकापच्या एन. डी. पाटील यांच्यासारखे नेते विरोधकांच्या पाठीशी उभे राहिले आणि बहुसंख्य शेतकऱ्यांनी विरोधात मत नोंदवले. जमिनीबद्दल इतक्या जाणतेपणाने बोललेल्या माणसांना उमेदवाराबद्दल बोलता येणार नाही, हे पटत नाही.

२०२९ च्या आधी रायगडमधल्या प्रत्येक पक्षाने निदान आपल्या नोंदणीकृत सदस्यांचे गुप्त मतदान घ्यावे. त्याआधी सर्व इच्छुकांना पेण, वडखळ, रोहा आणि महाड इथे एका व्यासपीठावर बसवावे आणि प्रश्न विचारण्याचा हक्क सदस्यांना द्यावा. सदस्यांच्या याद्या पक्षांकडे आहेतच. मतपेट्या मांडण्याचा निर्णय तेवढा नेत्यांना घ्यायचा आहे.