हात गेला तो इसक्कीचा!

तमिळ 'तेवर मगन'चा (१९९२) विषय निघाला की सगळे शिवाजी गणेशन आणि कमल हासनवरच बोलतात. मान्य, बापलेक जबरदस्तच. पण भाऊबंदकीचा सिनेमा दोघांवर उभा राहतो होय? नासरचा मायन आणि त्याचा बाप झालेले काका राधाकृष्णन नसते, तर वैर कुणाशी? शहरातून आलेला कमल बंद देवळाचं कुलूप उघडायला लावतो आणि हात तुटतो तो वडिवेलूच्या इसक्कीचा! मायनच्या भीतीनं नवरा मुलगा पळतो आणि ऐन लग्नात अडकते ती रेवतीची पंचवर्णम. रेवतीला सहाय्यक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तेवढाच काय तो न्याय.

वैर थोरांचं, भोगणार गरीब. मला हा सिनेमा आठवतो तो या चेहऱ्यांमुळे. त्यांना 'इतर कलाकार' म्हणून एका ओळीत उरकू नका, एवढंच!