कोर्ट एकच, नियम वेगळे?

कास्पारस याकुचोनिस, लिथुआनियाचा गार्ड. बार्सिलोनाच्या युवा संघात घडला, पण 2024 मध्ये इलिनॉय विद्यापीठात गेला. एकच सीझन खेळला आणि 2025 च्या ड्राफ्टमध्ये मायामी हीटनं त्याला 20 व्या नंबरवर उचललं. लुका डॉन्चिच कॉलेजची पायरीही न चढता रेआल माद्रिदमधून एनबीएत पोचला होता. मग आता युरोपची पोरं कॉलेजकडे का वळतायत? पैसा, दुसरं काय! 2021 पासून कॉलेज खेळाडूंना जाहिरातींतून कमावता येतं. पण परदेशी पोरांच्या एफ-1 व्हिसावर कमाईची कडक बंधनं आहेत. (एमएसला गेलेल्या आपल्या दादा-ताईंना विचारा!) त्यांच्या खेळावर कॉलेजं तिकिटं विकतात ना? मग आधी हा नियम बदला.